आमच्या अण्णांना स्वित्झर्लंडात घर घ्यायचंय, जमतं का? कोणाला माहिताय?

बिडकीनवाला

राम राम मंडळी. हसायचं तर आधी हसून घ्या पण प्रश्न खरा हाय. आमच्या अण्णांना म्हणजे वडिलांना स्वित्झर्लंडात घर घ्यायचंय. बिडकीनकडची जमीन डीएमआयसीत म्हणजे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात गेली, मोबदला आला, त्यातून गंगापूर तालुक्यात दुसरी घेतली, आणि संभाजीनगरात दोन प्लॉट घेऊन ठेवले होते त्याला आता बरा भाव यायलाय, तर पैशाचं थोडंफार जमंल असं धरून चला.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा ग्रुप टूरनं युरोपला जाऊन आले. टूरवाल्यांनी स्वित्झर्लंडात एंगेलबर्गला मुक्काम ठेवला होता. बाकीची मंडळी टिटलिसवर बर्फात लोळायलेत आणि आमचे अण्णा खाली एका गोठ्यापुढं उभे. गाईच्या गळ्यातली घंटा हातात धरून वजन बघितलं म्हणे, मग टूर मॅनेजरला पुढं घालून त्या शेतकऱ्याला दूध किती देती, पेंड काय घालता, गाभण कधी राहती, सगळं इचारून आले. तवापासून घरात दुसरा विषय नाही. उन्हाळ्याचे तीन महिने तिकडं काढायचे, एक छोटं लाकडी घर, जमलं तर थोडी जमीन आन दोन गाई. आई म्हणती पैठणला चला म्हणलं तर तुम्हाला टाईम नसतो, तिकडं भाकरी कोण थापणार.

त्यात मेव्हण्यानं पुण्याचा एक एजंट गाठला. मोठ्या हॉटेलात प्रदर्शन होतं, गुळगुळीत पुस्तकं वाटायलेत, तो म्हणतो २० टक्के भरा, बाकी हप्त्यानं, घर घेतलं की फॅमिलीला रेसिडेन्सी, आणि तुम्ही नसताना वर्षभर भाड्यानं देऊ, भाड्यातच हप्ता निघंल. मला काही हे पटंना पण अण्णांना नाही म्हणायचं तर हातात काहीतरी पाहिजे ना. तिकडं राहणारं कोणी असंल, नाहीतर टॅक्सचं कळणारं कोणी असंल तर नीट सांगा. ऑस्ट्रिया स्वस्त पडतंय असंही एकजण म्हणायलाय.

म्हैसमाळ_फॅन

काहून एवढं लांब जायलाव दादा, अण्णाला म्हैसमाळला बंगला बांधून द्या, पावसाळ्यात धुकं बी असतंय, गाई बी आपल्या, आन भद्रा मारुतीचं दर्शन वाटंवरच. व्हिसा लागत नाही.

झुरिकचा परभणीकर

भाऊ, मी परभणीचा, नोकरीमुळं बऱ्याच वर्षांपासून झुरिकजवळ राहतो. एजंटानं सांगितलेलं एक एक बघू.

रेसिडेन्सी साफ खोटं. इथं घर घेतलं म्हणून राहायचा परवाना मिळत नाही. घर नावावर असलं तरी अण्णांना शेंगेन व्हिसाच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा, काढावा लागणार, आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. उन्हाळ्याचे तीन महिने त्यात बसतात कसेबसे, पण मग त्याच्या आगंमागं युरोपात दुसरीकडं कुठं पाय ठेवायला दिवस शिल्लक राहत नाहीत.

आता मुख्य भानगड. इथं लेक्स कोलर नावाचा कायदा हाय, १९८३ ला झाला आणि १९८५ पासून लागू. बाहेर देशात राहणाऱ्या परदेशी माणसाला सुट्टीचं घर घ्यायचं असंल तर कँटनची परवानगी लागती. कँटन म्हणजे त्यांची राज्यं, काही तर आपल्या तालुक्यापेक्षा लहान. पूर्ण देशात मिळून वर्षाला अशा परवानग्या १,५००. त्यातल्या वालिसला ३३०, ग्राउब्युंडेनला २९०, बाकीच्यांना त्याहून कमी कमी. झुरिक, जिनिव्हा, बासेल इथं सुट्टीचं घर परदेशी माणसाला मिळतच नाही. अण्णांचं एंगेलबर्ग ओबवाल्डन कँटनात येतं, तिथं कोटा हाय पण अगदी मूठभर.

परवानगी मिळाली तरी तिला अटी. घर साधारण २०० चौरस मीटरच्या आत, प्लॉट १,००० च्या आत. नवरा, बायको आणि लहान पोरं मिळून एकच. स्वतःच्या नावावरच घ्यायचं, कंपनी काढून नाही. आणि भाड्याचं: सुट्टीपुरतं थोडे थोडे दिवस देता येतं, वर्षभर एकाच भाडेकरूला देता येत नाही. म्हणजे एजंटानं हप्त्याचं जे गणित मांडलंय ते इथंच बोंबललं.

इतक्यावर भागत नाही. मार्च २०१२ मध्ये इथं जनमत झालं, ५०.६ टक्क्यांनी काठावर पास झालं, की ज्या गावात २० टक्क्यांपेक्षा जास्त घरं सुट्टीची हायेत तिथं नवीन सुट्टीचं घर बांधायचं नाही. आल्प्समधल्या नावाजलेल्या गावांत बहुतेक ठिकाणी हा आकडा कधीच पार झालाय. मग सगळ्यांच्या उड्या पडतात त्या जनमताच्या आधी बांधलेल्या घरांवर, ती कशीही वापरता येतात, आणि त्यामुळं त्यांचा भाव चढलाय. सेंट मॉरिट्झ, ग्श्टाड, वेर्बिए असल्या ठिकाणी चांगल्या घराला चौरस मीटरला २०,००० फ्रँकच्या वर मागतात. फ्रँक रुपयांत शंभरी ओलांडून बसलाय. हिशोब करा, चौरस फुटाला दोन लाखांच्या आसपास जातंय. लहान अनोळखी गावात याच्या निम्म्यात, तिसऱ्या हिश्श्यात पण मिळतं, फक्त तिथं अण्णांशी बोलायला सुद्धा कोणी नसणार.

एक अपवाद सांगून ठेवतो म्हणजे एजंट उद्या तो पुढं करील तर चकित होऊ नका. उरी कँटनात अँडरमॅट नावाचं गाव हाय, आधी लष्कराचा तळ होता, लष्कर आवरतं झालं तसं गाव सुस्त पडलं, मग समीह साविरिस नावाच्या इजिप्तच्या उद्योजकानं तिथं मोठा प्रकल्प उभा केला. त्या प्रकल्पातल्या घरांना लेक्स कोलरमधून सूट हाय, परदेशी माणूस कँटनच्या परवानगीशिवाय घेऊ शकतो. पण ती लक्झरी फ्लॅटं, खाली हॉटेल, गोल्फ कोर्स. गोठा नाही.

आता गाईचं. शेतजमीन तर विसराच. इथं शेतजमीन स्वतः कसणाऱ्यालाच मिळती, तसा वेगळा कायदाच हाय. अण्णांना हे समजावणं सोपंय, आपल्या मराठवाड्यात अजून १९५० चा हैदराबाद कुळकायदा चालतो, बिगर शेतकऱ्याला शेत घ्यायचं म्हणलं तर तहसीलात काय काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असंल.

आणि घर घेतल्यानंतरचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. माझ्या ऑफिसातल्या एका स्विस बाईचा वालिसमध्ये वर डोंगरात फ्लॅट हाय. ती स्वतः वर्षातून थोडेच दिवस जाती. पण हिवाळ्यात हीटिंग पूर्ण बंद करता येत नाही, केलं तर पाईपातलं पाणी गोठून पाईप फुटतो आणि कळतं तेव्हा, जेव्हा खालच्याच्या छतातून गळायला लागतं. बर्फ काढायला माणूस, लिफ्ट, छताचा दुरुस्ती फंड, गावाचा पर्यटन कर, कचऱ्याचे वेगळे पैसे. घराच्या किमतीच्या एक टक्का तरी वर्षाला देखभालीला धरा. वर कर. स्वतःच्या घरात राहता म्हणून काल्पनिक भाडं उत्पन्नात धरायची पद्धत इथं हाय, ती काढून टाकायला सप्टेंबर २०२५ च्या जनमतात लोकांनी हो म्हणलं, पण त्या बदल्यात सुट्टीच्या घरांवर वेगळा कर बसवायची मुभा कँटनांना दिली. म्हणजे बाहेरच्या मालकानं लगेच खूश होऊ नये.

लातूरचे सीए

नमस्कार. वरची तिकडची माहिती चांगली आहे, मी इकडची बाजू सांगतो, कारण लोक तिकडचा कायदा वाचतात आणि इथं अडकतात.

निवासी भारतीयाला परदेशात घर घेता येतं. पैसे एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली पाठवायचे, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. म्हणजे ढोबळमानानं दोन-सव्वादोन कोटी. घरातले जवळचे नातेवाईक आपापल्या मर्यादेत पाठवून एकत्र करू शकतात. अण्णा, आई, तुम्ही, तुमच्या मिसेस असे चौघं धरले तर वर्षाला १० लाख डॉलर झाले. पण ज्याच्या खात्यातून जातात त्याचे ते असले पाहिजेत. नुसतं सही करायला आईच्या खात्यात टाकले आणि दुसऱ्या दिवशी पाठवले तर उद्या विचारणा झाल्यावर बक्षीसपत्र, क्लबिंग (म्हणजे एकाचं उत्पन्न दुसऱ्याच्यात धरणं) सगळं सांगत बसावं लागेल.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर. वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कापते, म्हणजे रकमेवर जास्तीचे घेते. सव्वादोन कोटी पाठवले तर त्रेचाळीस लाख बाजूला काढून ठेवा. हा खर्च नाही, रिटर्नमध्ये क्रेडिट मिळतं, पण तोपर्यंत तुमचे पैसे सरकारकडं अडकतात. आणि ज्यांचं बरंचसं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त आहे त्यांना जुळवायला कर नसतोच, मग सगळा रिफंड. एवढा मोठा रिफंड म्हटल्यावर प्रश्न येणार, सातबारा, मोबदल्याचा निवाडा, बँक पासबुक हे आत्ताच एका फाईलीत लावून ठेवा.

कर्ज. एलआरएस खाली असे भांडवली पैसे पाठवायला इथल्या बँकेनं कर्ज द्यायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. आणि ते एजंटचे हप्ते, म्हणजे आज २० टक्के आणि बाकी तिकडच्या बिल्डरची उधारी, त्यात फेमाचे, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचे, प्रश्न उभे राहतात. करारावर सही करायच्या आधी तो कागद फेमा कळणाऱ्या माणसाला दाखवा, माझ्यासारख्या गल्लीतल्या सीएला नको, खरंच सांगतो.

अजून एक. पैसे आधीच पाठवून ठेवू नका. पाठवलेली रक्कम १८० दिवसांत वापरली नाही तर परत आणावी लागते. तिकडं कँटनची परवानगी यायला किती वेळ लागेल याचा तुमच्या हातात काही उपाय नाही.

आणि संभाजीनगरचे प्लॉट विकून तिकडं घर घेऊ, कॅपिटल गेनची सूट मिळेल, असं कोणी म्हणत असेल तर तेही नाही. प्लॉट विकून घर घेतल्याची सूट पूर्वीपासून आयकराच्या कलमावरून ५४एफ म्हणून ओळखली जाते, आणि ते घर २०१४ च्या दुरुस्तीनंतर भारतातच असावं लागतं. म्हणजे इथं टॅक्स पूर्ण भरा, मग उरलेलं पाठवा.

बिडकीनवाला

लई उपकार झाले दोघांचे. सीए साहेब, एक राहिलं बगा. एजंटानं मेव्हण्याला फोनवर हळूच सांगितलं की टीसीएस बीसीएसच्या नादी लागू नका, अर्धे इथं रोखीत द्या, तिकडं फ्रँक मिळतील, त्याचे माणसं हायेत म्हणे. मेव्हणा म्हणतो सगळेच असं करायलेत.

लातूरचे सीए

मेव्हण्यांचा फोन काढून घ्या आधी. याला हवाला म्हणतात, दुसरं नाव नाही.

परदेशातली मालमत्ता रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या शेड्यूलमध्ये दाखवावीच लागते, उत्पन्न शून्य असलं तरी. नाही दाखवली तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात १० लाखांचा दंड, प्रत्येक वर्षाच्या चुकीला वेगळा. मध्यंतरी छोट्या रकमांना त्यातून सूट दिली, २० लाखांपर्यंत, पण ती बँक खाती, शेअर वगैरेंना. स्थावर मालमत्तेला सूट नाही. आणि घराची किंमत तिकडच्या कागदावर पूर्ण आणि इकडून गेलेले पैसे अर्धे, तर उरलेले कुठून आले हा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा. स्वित्झर्लंड म्हणजे पैसा लपवायची जागा हे जुनं झालं, २०१९ पासून तिकडच्या बँक खात्यांची माहिती भारताला आपोआप येते.

तिकडचा विक्रेता पण रोख घेणार नाही बहुतेक. खरेदी नोटरीसमोर, नोंद भूमी नोंदवहीत, पैसे बँकेतून. मग एजंटची माणसं फ्रँक कुणाला देणार ते त्यालाच विचारा.

उदगीरची लेक

दादा मी इन्सब्रुकला असते, ऑस्ट्रियाचं कोणीतरी विचारलंय म्हणून लिहितेय. स्वस्त आहे स्वित्झर्लंडपेक्षा, पण सोपं नाही. इथं प्रत्येक प्रांताचा जमीन व्यवहाराचा कायदा वेगळा, युरोपियन युनियनच्या बाहेरच्या माणसाला परवानगी लागते, आणि टिरोलमध्ये, म्हणजे इन्सब्रुकच्या प्रांतात, सुट्टीच्या घरासाठी ती मिळणं जवळजवळ अशक्य धरा. कारण मुद्दा परदेशी-देशीचा पण नाही हो. इथं घराला सुट्टीचं घर म्हणून वेगळी मान्यता लागते, गावातल्या एकूण घरांच्या ८ टक्क्यांची मर्यादा आहे, किट्झब्युल सारख्या ठिकाणी ती कधीच ओलांडली गेलीय. मग व्हिएन्नाच्या आणि म्युनिकच्या पैसेवाल्यांना पण मिळत नाही. काहीजण इथंच राहतो असं दाखवून घेतात, आणि मग गावाची माणसं तपासायला येतात, घर वापरात आहे का, माणूस खरंच इथं राहतो का. दंड होतो, आणि घर सुट्टीसाठी वापरायलाही बंदी.

याच्या मागचं कारण मला इथं राहून कळलं. माझ्या मुलीच्या बालवाडीतल्या ताई याच खोऱ्यातल्या, आजोबांचं घर वरच्या गावात, पण तिला आणि नवऱ्याला तिथं घर परवडत नाही म्हणून खाली भाड्यानं राहतात. त्या गावात नोव्हेंबरात संध्याकाळी गेलं तर ओळीनं खिडक्या अंधारात, दुकान बंद पडलं, शाळेत पोरं नाहीत. आणि फेब्रुवारीत गाडी लावायला जागा नाही. लोक चिडतात ते काही उगीच नाही.

खर्चाचं सांगायचं तर खरेदीवर साडेतीन टक्के कर, नोंदणीला १.१ टक्का, वर वकील आणि दलाल. फ्रान्सच्या बाजूला, शामोनीकडं, परदेशी माणसाला घेताना परवानगी लागत नाही, हे मात्र खरंय. जुन्या घराला नोटरीचा सगळा खर्च ७-८ टक्के. पण व्हिसा तिथंही ९० दिवसांचाच, जास्त राहायचं तर लाँग स्टे व्हिसा वेगळा काढावा लागतो.

म्हैसमाळ_फॅन

ताई बरोबर हाय तुमचं. आपल्याकडं बी म्हैसमाळ वेरूळ रोडला पुण्यामुंबईच्या लोकांनी प्लॉट घेऊन तारा ओढून ठेवल्यात, वर्षात एकदा येत नाहीत, आन गावातल्या पोराला घर बांधायला गुंठा मिळंना.

औशाचे मास्तर

सगळी चर्चा वाचली. कायदा, कर, सगळं झालं, जमिनीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी किल्लारीच्या पट्ट्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली त्यांना घर म्हणलं की आधी भिंत दिसती आणि मग सोय. आमच्याकडं भुईनं जेवढी माणसं नेली त्यापेक्षा दगडमातीच्या जाड भिंतींनी जास्त नेली.

आल्प्सच्या डोंगराचं पण असंच समजून घ्यावं. गेल्या वर्षी म्हणजे २८ मे २०२५ ला वालिसमधलं ब्लाटेन हे गाव बातम्यांत आलं होतं. वरून आधी कडा ढासळून बिर्श हिमनदीवर पडला, त्या वजनानं हिमनदीच खाली आली आणि जवळपास सगळं गाव गाडलं गेलं. तिथल्या लोकांचं कौतुक हे की डोंगरावर मापं लावलेली होती, म्हणून दहा दिवस आधी गावातली तीनशे माणसं बाहेर काढली, गुरं पण काढली. एक जण मात्र गेला. ग्राउब्युंडेनमध्ये ब्रिएन्झ नावाचं गाव आहे, २०२३ मध्ये रिकामं केलं, जूनमध्ये दरड येऊन गावाच्या अगदी जवळ थांबली, लोक परतले, नोव्हेंबर २०२४ मध्ये परत बाहेर काढलं. ही दोन्ही अण्णांना आवडतील अशीच गावं, लाकडी घरं, कुरणं, चर्च.

तर तिकडं धोक्याचे नकाशे असतात, लाल, निळा, पिवळा असे पट्टे. लाल पट्ट्यात नवीन बांधकाम होत नाही, निळ्यात अटी. एजंटच्या गुळगुळीत पुस्तकात हा नकाशा आहे का ते विचारा. नसला तर कोणत्या गावातलं कोणतं घर ते विचारून स्वतः बघा, बऱ्याच कँटनांचे नकाशे इंटरनेटवर कुणालाही दिसतात.

बिडकीनवाला

मास्तर तुमचं रात्री अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. लई वेळ गप होते. मग म्हणले, गुरं काढली का आधी? म्हणलं हो. म्हणले, मग चांगली माणसं हायेत.

एजंटाला मेव्हण्यानं नकाशा मागितला तर तो म्हणतो साहेब तुम्ही फार खोलात जायलाव. फोन उचलायचा बंद केलाय. ते एक बरं झालं.

पण अण्णांचं भूत काही उतरलं नाही, नुसतं बारीक झालंय. आता म्हणायलेत विकत नको, महिनाभर भाड्यानं घेऊन राहू, पण गाई पाहिजेत. परभणीकर दादा, असं काही मिळतं का तिकडं? हॉटेल नको, त्यांना जेवण जमत नाही, आई सोबत येणार म्हणती फक्त चूल तिच्या हातात पाहिजे.

झुरिकचा परभणीकर

मिळतं की. शेतकऱ्याच्याच घरात नाहीतर शेजारी एखादं जुनं घर, स्वयंपाकघरासकट, आठवड्याच्या हिशोबानं भाड्यानं देतात. गोठा खाली, तुम्ही वर, असं पण असतं, वास सहन होत असंल तर, अण्णांना होईलच. हंगामाच्या बाहेर स्वस्त पडतं. पण महिना नीट निवडा. जूनच्या सुमाराला गुरं वरच्या कुरणात जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं बांधून, मोठ्या घंटा घालून वाजतगाजत खाली आणतात, गावोगाव त्याची तारीख वेगळी. जुलैत खालच्या गावात घर घेतलं तर गोठा रिकामा सापडंल आणि अण्णा माझ्यावर चिडतील. म्हणून सप्टेंबर धरा. पोळा तोवर उरकलेला असतो, एखाद्या साली जवळ येतो तेवढं बघून घ्या.

ज्वारीचं पीठ बॅगेत आणलं तर चालतं, तूप, पेढे, खवा बिलकुल नको, दुधाचं काहीच कस्टममधून आणता येत नाही. तवा माझ्याकडं हाय, देतो. व्हिसाची अपॉइंटमेंट मे-जूनमध्येच घेऊन टाका, उन्हाळ्यात गर्दी असती, आणि इन्शुरन्स ३०,००० युरोच्या कव्हरचा लागतो, अण्णांच्या वयाला महाग पडंल, दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.